जागेचा त्रास

मास्तर उभे राहून शिवायला लागले, हे सगळ्यात आधी किल्लीवाल्याच्या लक्षात आलं.

दुकानांची ती ओळ तशी छोटी. एका टोकाला मास्तरांचं टेलरिंगचं दुकान, त्याला खेटून किल्लीवाल्याची टपरी, पुढे एक चष्म्याचं दुकान, आणि मग रस्ता वळायचा. मास्तरांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, त्या जागेच्या मालकीणबाई एकट्या राहायच्या. किल्लीवाला दिवसभर स्टुलावर बसून कानस चालवायचा. हाताला काम असलं तरी डोळे रिकामे असायचे, ते तो मास्तरांच्या मशीनवर ठेवायचा. पायाने चालवायचं जुनं काळं मशीन. त्यापुढे मास्तर आता बगळ्यासारखे उभे असत. एक पाय जमिनीवर, दुसरा मशीनच्या पायपट्टीवर, कमरेत वाकलेले, नाक सुईपासून वीतभर.

"मास्तर, कपडे शिवताय की कवायत करताय?"

"पाय मोकळा करतोय."

"आठ दिवस मोकळा करताय. आता सुटून पळून जाईल तो."

मास्तर हसले, पण जपून. हसणं, शिंकणं, खाली वाकून बॉबिन उचलणं, हे सगळंच गेले काही महिने ते जपून करत होते.

कपडे शिवणाऱ्या माणसाच्या तोंडी एक शब्द दिवसातून शंभरदा येतो. खांदा बसला का बघा. कॉलर मानेला बसत नाही. कंबर बसली, आता बाही बघू. मास्तरांचा हात या कामात बसला तो वडिलांच्या मशीनशेजारी, आणि जम बसला तो बावीस वर्षांपूर्वी या दुकानात. एवढं सगळं बसलेलं असताना मास्तरांनाच तेवढं बसता येत नव्हतं.

दुखणं वर्षापूर्वीचं. एका सकाळी शौचाला गेले असताना काहीतरी टर्रकन गेल्यासारखं वाटलं, कापड उभ्या धाग्यात जातं तसं. मग ते रोजचंच झालं. जाताना काचा टोचाव्यात तसं, आणि आल्यावर दोन-तीन तास नुसती आग. एकदा लाल थेंब दिसला. मास्तरांनी तो पाहिला, आणि वर भरपूर पाणी ओतलं.

मास्तरांच्या लहानपणी घरात शरीराच्या त्या भागाला नावच नव्हतं. आई 'बसायची जागा' म्हणायची, आणि घाईत असली की नुसतं 'जागा'. जागा नीट धुतलीस का? जागेला खाज येते का? मास्तर बावन्न वर्षांचे झाले, आई जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांना दुसरा शब्द मिळाला नव्हता. शब्दच नाही म्हटल्यावर डॉक्टरला सांगणार तरी काय? एकदा धीर करून ते औषधाच्या दुकानात गेले. मागे दोन बायका उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, "आग होते, त्याच्यावर मलम द्या."

"कुठे भाजलं?"

"इस्त्रीने," मास्तर म्हणाले. आणि दुकानदाराने दिलेलं भाजल्यावरचं मलम महिनाभर, मुकाट्याने, नको तिथे लावत राहिले.

पुढे त्यांनी जेवण कमी केलं. खाल्लंच नाही तर जावंच लागणार नाही, असा साधा विचार. तो अर्थातच उलटा पडला. मास्तर सकाळी स्वच्छतागृहात जायचे ते अर्ध्या तासाने घामाघूम होऊन, भिंत धरत बाहेर यायचे. बायको पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर खिडकीपुढच्या माणसांचे चेहरे वाचायची सवय. नवऱ्याचा चेहरा तिने वाचला नसता तर नवल.

"अहो, किती दिवस चाललंय हे?"

"थोडे."

"थोडे म्हणजे?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

तिने नळाखाली हात धुतले, पुसले, आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

डॉक्टर निघाल्या बाई. त्यातही तिशीच्या. मास्तर दारातूनच वळायला निघाले होते. बायकोने कोपर धरलं.

"कुठे दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जागेवर."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली नाही. "जाताना दुखतं, की जाऊन आल्यावर?"

"दोन्ही."

"रक्त?"

"थेंबभर."

"कधीपासून?"

मास्तर छताचा पंखा बघत राहिले. "एक वर्ष," बायको म्हणाली. "त्यातला एक महिना भाजल्यावरचं मलम."

डॉक्टरांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला. मास्तरांना कुशीवर वळायला, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यात डोंगर होता. मास्तरांनी तो डोंगर असा पाहिला की पुढे कित्येक दिवस तो त्यांना डोळे मिटल्यावर दिसायचा.

"फिशर आहे," हात धुऊन येत डॉक्टर म्हणाल्या. "गुदद्वाराच्या कडेला चीर पडली आहे. तिच्याभोवतीचा स्नायू घट्ट आवळलाय, म्हणून तिथे रक्त नीट पोचत नाही आणि चीर भरत नाही. ती दुखते म्हणून स्नायू आणखी आवळतो. आधी औषधं आणि योग्य ते मलम देते. त्याने भरली तर उत्तमच."

दोन महिने मलम झालं, गोळ्या झाल्या, दिवसाला दहा पेले पाणी झालं, रोज पपई झाली. चीर थोडी मिटायची आणि एखाद्या सकाळी पुन्हा उघडायची. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं.

"म्हणजे चीर शिवता?" मास्तरांनी विचारलं. एवढ्या दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"नाही. चिरीला टाका घालत नाही. शेजारच्या स्नायूला लहानसा छेद देते. तो सैल पडला की चीर आपली आपण भरून येते."

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. बसले म्हणजे उभेच होते. मग म्हणाले, "सदरा काखेत घट्ट झाला की पाठीत फाटतो. लोक येतात, म्हणतात पाठ शिवून द्या. शिवून दिली की चार दिवसांनी शेजारी फाटतो. काखेत सोडावं लागतं."

"अगदी हेच," डॉक्टर म्हणाल्या. "हे मी इतर पेशंटना सांगू का?"

"पण जास्त सोडलं, तर अंगावर राहत नाही."

डॉक्टर हसल्या नाहीत. "बरोबर आहे भीती. काही जणांना थोडे दिवस वारा सरताना ताबा कमी वाटतो. बहुतेकांचं ते आपोआप सुधारतं. मी मापानेच सोडते."

माप हा शब्द ऐकल्यावर मास्तरांनी सही केली. निघताना बायकोला म्हणाले, "कोटाचा खांदा उतरलाय बाईंच्या. बाकी हुशार आहे."

ऑपरेशन सोमवारी ठरलं. आधीच्या आठवड्यात मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. घेतलेले कपडे कुणाकडे अडकून राहायला नकोत, म्हणून ते उभ्याने शिवत होते, उभ्याने काजं करत होते, उभ्याने जेवत होते. मधेच मशीन सोडून दारापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे, विसरलेली कात्री शोधायचे आणि ती हातातच असायची. एका पाटलोणीला त्यांनी दोन डाव्या बाजू जोडल्या. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती उसवताना त्यांना वाटलं, सोमवारी डॉक्टरांचाही असाच एखादा वाईट दिवस असला तर?

शुक्रवारी दुपारी त्यांनी काचेवर पाटी लावली: 'दुकान दोन आठवडे बंद राहील. ज्यांचे कपडे आहेत त्यांनी उद्यापर्यंत न्यावेत.'

किल्लीवाला कानस खाली ठेवून आला. पाटी वाचली, पुन्हा वाचली. "मास्तर, हे काय?"

बावीस वर्षांत मास्तरांनी आजारपणाला दुकान बंद ठेवलं नव्हतं. किल्लीवाला तसा तोंडाने फटकळ, पण जीव लावणारा. त्याला पाठ दुखते म्हणून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. आयत्या वेळी खोटं तोंडात येईना आणि खरं बाहेर येईना. शेवटी जे यायचं ते आलं, आईच्या शब्दात.

"जागेचा त्रास आहे रे," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"जागेचा?"

"वर्षभर सोसला. कुणाला बोललो नाही. आता सहन होत नाही. सोमवारी एकदाचा निकाल लावतोय. मोकळं व्हायचं ठरवलंय."

किल्लीवाल्याचा चेहरा पडला. त्याने मान वर करून छताकडे बघितलं, जिथे वर मालकीणबाई राहायच्या. "एवढं झालं? आणि आम्हाला पत्ता नाही?"

"अशा गोष्टी काय चारचौघांत बोलायच्या? तूही बोलू नकोस कुणाला."

"छे! मी कशाला बोलू?" किल्लीवाला म्हणाला, आणि हे वाक्य पुरं व्हायच्या आत चष्मेवाल्याच्या दिशेने वळला.

किल्लीवाल्याच्या घरी लहानपणी कुणी तो शब्द तसा वापरला नव्हता. त्याच्या लेखी जागा म्हणजे चार भिंती, शटर आणि वर मालकीण. मास्तरांना मालकीणबाईंनी वर्षभर छळलं आणि मास्तर दुकान सोडून चालले, ही बातमी शनिवारी संध्याकाळपर्यंत जिना चढून वर पोचली. मास्तर तेव्हा घरी हॉस्पिटलची पिशवी चौथ्यांदा भरत होते.

सोमवारी पोट रिकामं ठेवून, एनिमा घेऊन, ते पलंगावर कुशीवर पडले. अंगात हॉस्पिटलचा झगा. मागून उघडा, तीन नाड्या, त्यातली मधली चुकीच्या ठिकाणी शिवलेली. "हे कुणी कापलं?" त्यांनी नर्सला विचारलं. नर्सला वाटलं त्यांना भ्रम होतोय. पाठीच्या कण्यात सुई गेली, कमरेखाली ऊब पसरली, आणि मग पाय नाहीसे झाले. मास्तरांनी उजवा पाय हलवायचा प्रयत्न केला. अडतीस वर्षं मशीन चालवणारा पाय. तो तिथे नव्हताच. त्या पंधरा मिनिटांत त्यांना दुखण्याची भीती वाटली नाही, या नसलेल्या पायाची वाटली. हिरव्या पडद्यापलीकडे एक बारीक आवाज झाला. धार चांगली आहे, एवढं त्यांनी त्यातल्या त्यात ओळखलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

"एवढ्यात?"

"तुम्ही काखेत सोडायला किती वेळ लावता?"

संध्याकाळपर्यंत पाय परत आले. लघवी व्हायला वेळ लागला, तोवर कुणी सोडेना. ती झाली तेव्हा बायकोने नर्सचे असे आभार मानले की जणू तिनेच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टॅक्सीतून घरी आली. मास्तर मागच्या सीटवर एका कुशीवर आडवे, डोकं बायकोच्या मांडीवर. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी कळला.

पुढचे दिवस मोठे होते. गोळ्या, इसबगोल, पाणी, आणि दिवसातून तीनदा प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसणं. बायको सकाळी पोस्टात जाण्याआधी पाणी तापवून ठेवायची आणि कोपर बुडवून बघायची, तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. "बसा आता राजासारखे," म्हणायची. मास्तरांना त्या पंधरा मिनिटांतच काय ते बरं वाटायचं. बाकीचा दिवस त्यांच्या अंगावर यायचा. आडवं झालं की उठावंसं वाटे, उठलं की आडवं व्हावंसं वाटे. खोलीत दारापासून खिडकीपर्यंत अकरा फरशा होत्या. त्यातली सातवी हलत होती. मास्तर येता-जाता तिच्यावर पाय द्यायचे, आणि ती टक् म्हणायची. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा विचारून गेली, काही ठोकताय का म्हणून.

सगळ्यात मोठी धास्ती होती पहिल्या वेळेची. मंगळवार गेला, बुधवार गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, टाळू नका, कुंथू नका. गुरुवारी सकाळी ते आत गेले. बायको दाराबाहेर उभी. पोस्टाची वेळ होत आली होती, तरी उभी.

"अहो?"

तिने दारावर बोट वाजवलं.

"अहो, ठीक आहात ना?"

"थांब जरा," आतून आवाज आला. मग बऱ्याच वेळाने, जरा नवलाने, "अगं, काचा नाहीत."

दुखलं होतं, पण ते साधं दुखणं होतं, कापल्याचं. ते आलं, थोडं थांबलं आणि गेलं. मागे आग ठेवून गेलं नाही. मास्तर बाहेर आले तेव्हा बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हणाली, "उशीर केलात मला. आता साहेबांना काय सांगू, कशासाठी थांबले होते?"

तेवढ्याने मन थाऱ्यावर यायला हवं होतं. आलं नाही. दुखणं होतं तोवर सगळं लक्ष तिकडे होतं. आता ते मोकळं झालं आणि घरभर हिंडू लागलं. दुकानाचं शटर नीट लावलं का? मशीनवर कापड घातलं का? शुक्रवारी त्यांनी पडद्यांची शिवण उसवली, वाकडी आहे म्हणून. शनिवारी हाताने पुन्हा घातली, खिडकीशी उभं राहून.

रविवारी किल्लीवाला सफरचंदं घेऊन आला. आत आला, टेकला नाही, दाराशीच घुटमळला.

"निरोप घ्यायला आलो," तो म्हणाला.

"कुणाचा? मी काही मरत नाही."

"असं नका बोलू. पण दुकान सोडलंत, निदान आम्हाला दोन शब्द बोलून तरी जायचं. पंधरा वर्षं भिंतीला भिंत आहे आपली."

"कुणी सोडलं दुकान?"

किल्लीवाला गोंधळला. "तुम्हीच म्हणालात ना, जागेचा त्रास आहे, मोकळं व्हायचंय. दोन आठवड्यांची पाटी म्हणजे सामान हलवायची मुदत, असं वाटलं सगळ्यांना. मालकीणबाईंच्या कानावर गेलं. त्या जाम भडकल्या. म्हणाल्या, माझ्या जागेचा त्रास होता तर तोंडावर सांगायचं होतं. परवा माझ्याकडून शटरची डुप्लिकेट किल्ली करून घेतली. भाचीला देणार म्हणून. तिचं पार्लर येतंय तिथे. माणसाएवढा आरसाही येऊन पडलाय आत." त्याने सफरचंदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "किल्ली मी केली, मास्तर. हातच चालत नव्हता. दोन वाया गेल्या."

मास्तरांना समजायला थोडा वेळ लागला. बायकोला लागला नाही. तिने तोंडावर हात धरला, मग तो पुरेना म्हणून आत गेली. आतून तिचा भांड्यांत काहीतरी शोधत हसण्याचा आवाज येत राहिला.

"वहिनींना काय झालं?" किल्लीवाला म्हणाला. "आणि तुम्हाला काय झालंय? असे आजाऱ्यासारखे का दिसताय?"

"पाठ," मास्तर म्हणाले.

तो गेल्यावर ते आत आले. "तू जाऊन सांग मालकीणबाईंना. बायका-बायकांचं बोलणं होईल."

"मी नाही जायची. तुमची जागा, तुम्ही सांगा."

"हसण्यावारी नेऊ नकोस. ते दुकान गेलं तर या वयात मी मशीन कुठे नेऊ?"

तिचं हसू गेलं. "म्हणूनच म्हणते, तुम्ही जा. मी गेले तर त्यांना वाटेल, आता बायकोला पुढे केलं."

सोमवारी, ऑपरेशनला बरोबर आठवडा झाला त्या दिवशी, मास्तर मालकीणबाईंचा जिना चढले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. शटर अर्धं उघडं होतं. येताना त्यांनी वाकून पाहिलं होतं. त्यांच्या मशीनवरचं कापड बाजूला सरकवलेलं, त्यांच्याच खडूने भिंतीवर खुणा केलेल्या, आणि भाची फीत धरून त्यांच्या दुकानाचं माप घेत होती. फीत उलटी धरली होती तिने.

मालकीणबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ. अंगात तो राखाडी कोट. यजमान गेले तेव्हा त्यांचा कोट घेऊन त्या खाली आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, टाकवत नाही, माझ्या मापाचा होतो का बघा. मास्तरांनी तो सगळा उसवून पुन्हा जुळवला होता. नऊ वर्षं झाली, अजून अंगावर नीट बसत होता.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

लाकडी खुर्ची होती, सरळ पाठीची. मास्तर तिच्याशेजारी उभे राहिले.

"बाई, गैरसमज झालाय. मी जागा सोडत नाही."

"मग सगळ्या ओळीला सांगत का सुटलात? जागेचा त्रास. वर्षभर सोसला. काय त्रास दिला हो मी? छत गळलं तेव्हा चार तासांत माणूस आणला. बसा ना."

"उभा बरा आहे."

"बावीस वर्षांत या खोलीत एकदाही बसला नाहीत. नेहमी दारातून. मला वाटायचं, संकोची माणूस आहे. आता कळलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्याकडे टेकायचीसुद्धा इच्छा नाही."

"तसं नाही, बाई. पाठ दुखते."

"माझी दुखते तेव्हा मी आधी बसते." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तिचे पाय फरशीवर कर्कश वाजले. "मी भाचीला शब्द दिलाय. पण तुम्ही जर समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंत, तर ऐकेन. बसा."

मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. एक क्षण त्यांना वाटलं, बसावं. दोन मिनिटांचा तर प्रश्न. मग त्यांना गुरुवारची सकाळ आठवली, आणि गेलेल्या काचा परत आल्या तर, या भीतीने त्यांनी हात मागे घेतला. खालून भाचीचा आवाज येत होता. आरसा कुठे लावायचा, ते ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

"बाई, मला बसता येत नाही," ते म्हणाले. आणि मग शब्द सापडला. वर्षभर चुकवलेला, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला, पुस्तकी, पण सापडला. "मला गुदद्वाराला चीर पडली होती. फिशर म्हणतात. मागच्या सोमवारी ऑपरेशन झालं. जागेचा त्रास म्हणजे तो. आमची आई त्याला जागा म्हणायची."

मालकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीकडे. मग एकदम कोटाच्या बाहीत तोंड खुपसून हसायला लागल्या, आणि हसता हसता कधीतरी ते हसू थांबलं.

"वर्षभर?"

"वर्षभर."

"म्हणून," त्या म्हणाल्या. "मी वर बसून ऐकायचे. तुमच्या मशीनचा आवाज बावीस वर्षं मला पाठ आहे. हल्ली तो लंगडायचा. मी म्हणायचे, मास्तरांचा पाय आज असा का पडतोय? खाली येऊन विचारावं असं कितीदा वाटलं. नाही विचारलं." त्यांनी खुर्ची भिंतीला लावून टाकली, आणि स्वतःही बसल्या नाहीत. "चला, उभ्यानेच बोलू."

त्यांनी जिन्यात जाऊन भाचीला हाक मारली. भाची वर आली, हातात फीत.

"ही जागा मोकळी होत नाहीये."

"पण मावशी, तूच म्हणालीस! आरसा आणलाय मी. त्यांना नक्की काय झालंय?"

मालकीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. तुम्ही सांगता की मी सांगू, असं. मास्तरांनी दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. भाची लाल झाली, मग रागावलेलीच राहिली. तिचंही बरोबर होतं. मावशीने दिलेला शब्द आणि भिंतीवरच्या खुणा घेऊन ती तीन दिवस झोपेत पार्लर बघत होती. "फीत उलटी धरतेस," मास्तर तिला म्हणाले. "दुसरी जागा मिळाली की मापं घ्यायला मला बोलव." ती फीत गुंडाळत खाली उतरली. त्या महिन्यात तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आरसा मात्र तिथेच राहिला, न्यायला गाडी मिळेपर्यंत म्हणून.

दोन आठवडे पुरे झाल्यावर मास्तरांनी दुकान उघडलं. घरून आणलेली उशी स्टुलावर ठेवली, बसले, उठले, पुन्हा बसले. समोर माणसाएवढा आरसा. त्यात ते स्वतःला दिसत होते, बसलेले, जरा एका अंगावर. पायपट्टीवर दोन्ही पाय ठेवून त्यांनी चाकाला हात दिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी चालता चालता थांबलं.

दिवसभर लोक विचारत होते, दुकान बंद का होतं. मास्तर सांगत होते. कुणी घाईने विषय बदलला, कुणी कपडे घेऊन गेलं आणि दाराबाहेर हसलं. मास्तरांचे कान तापायचे, पण टीप सरळ जात होती. अर्ध्या तासाने ते उठायचे, दारापर्यंत चालायचे, परत बसायचे. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. पूर्ण भरायला अजून महिना जाईल म्हणाल्या होत्या. आपला कोटही देऊन गेल्या होत्या, उतरलेला खांदा नीट करायला.

संध्याकाळी ओळीतली दुकानं मिटायला लागली, तेव्हा किल्लीवाला आला. जरा वेळ आरशात स्वतःचे केस बघितले. मग मास्तरांकडे न बघता म्हणाला, "मास्तर, त्या डॉक्टरबाईंचा नंबर आहे का? एक ओळखीचा माणूस आहे. त्याला हवाय."

"आहे ना." मास्तरांनी मशीन थांबवलं. त्याच्याकडे पाहिलं, आणि उठून उशी असलेलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बस, लिहून देतो."

"नको, नको," किल्लीवाला म्हणाला. "उभाच बरा आहे."